४ नंबर आणि ७ नंबर: बॅकची जोडी मोजायचं काम, सातारा, जुलै ते सप्टेंबर २०२५

आमच्या शाळेच्या हॉकी टीममधली पोरं लहान आहेत म्हणून नावं टाकत नाही, जर्सीचे नंबर टाकतो. मी त्याच शाळेचा जुना प्लेयर, आता कंपनीत शिफ्टला असतो आणि सुट्टीला सरांच्या मदतीला ग्राउंडवर जातो. कुणाला आपल्या टीमचा बॅक असाच मोजून बघायचा असेल तर माझा वेळ जिथं गेला तिथं त्याचा जाऊ नये म्हणून हे लिहून ठेवतोय.

५ जुलै, शनिवार

प्रश्न सरांनी टाकला. १७ वर्षांखालच्या टीममधे दोन सेंटर बॅक, म्हणजे गोलपुढं मधे बचाव करणारे, ७ नंबर आणि ४ नंबर. ७ चं सगळे नाव घेतात, उंच आहे, टॅकल जोरात मारतो, पुढं बॉल काढतो. ४ शांत. बघणारे म्हणतात ४ हा ७ च्या जिवावर खेळतो. ७ वयात बसत नसल्याने पुढच्या वर्षी नाही. मग ४ वर भरवसा ठेवायचा का, का आत्तापासूनच दुसरा बॅक तयार करायचा, हे सरांना सप्टेंबरच्या आत ठरवायचंय. मी म्हणलं सर, व्हिडिओ काढून मोजू.

आज पहिली मॅच शूट केली. ट्रायपॉड ७५० रुपयांचा घेतला आणि साईडलाईनला सेंटरच्या जवळ लावला. पाऊस भुरभुर चालू होता, मोबाईलवर प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक. वाटलं झालं काम.

६ जुलै, रविवार

आषाढी, सुट्टी, दिवसभर तोच व्हिडिओ बघत बसलो आणि काहीच मिळालं नाही. जमिनीच्या उंचीवरून शूट केलं की सगळी पोरं एकाच रेषेत येतात. कोण पुढं, कोण मागं, दोन बॅकमधे किती अंतर आहे, काही कळत नाही. वर मुरमाचं मैदान, पाऊस, दहा मिनिटांत सगळ्यांच्या जर्सी एका रंगाच्या. ४ आणि १४ तर ओळखूच आले नाहीत. साडेतीन तास गेले.

दोन गोष्टी ठरवल्या. एक, कॅमेरा शाळेच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. दोन, ४ च्या दोन्ही दंडाला पिवळी पट्टी, ७ च्या दंडाला लाल. कापड ६० रुपये.

१२ जुलै, शनिवार

गॅलरीतनं अख्खं ग्राउंड दिसतं, दोन्ही डी (गोलसमोरचे अर्धगोल) दिसतात, लांब अजिंक्यताऱ्यावर ढग आला की पाच मिनिटांत पाऊस येणार हे पण कळतं म्हणजे मोबाईल झाकायला वेळ मिळतो. ज्याच्या शाळेला गॅलरी नाही त्याने टेरेस, पाण्याची टाकी, काहीही बघा पण उंची पाहिजेच. पहिली अट ही.

आता मोजायचं काय. आधी सोपं वाटलं ते केलं, ४ ग्राउंडवर असताना आपण किती गोल मारले आणि किती खाल्ले. आईस हॉकीत याला प्लस-मायनस म्हणतात, एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या लीगमधे १९६७-६८ च्या सीझनपासून ते अधिकृत लिहितात. बॉबी ऑर या बोस्टनच्या बॅकचा १९७०-७१ च्या सीझनचा +१२४ हा आकडा अजून कुणाला मोडता आलेला नाही. पण तिथं गोल भरपूर होतात आणि मॅचेस पण भरपूर. आमच्या मॅचला झालेच तर दोन-तीन गोल. आज एकच झाला आणि तो पण आमच्या गोलकीपरच्या पायातून निसटून. त्यात ४ चा दोष काहीच नाही तरी त्याच्या नावावर उणे एक पडला. हे मोजून उपयोग नाही हे एका मॅचमधे कळलं.

आईस हॉकीवाल्यांनी पण पुढं गोल सोडून शॉट मोजायला सुरुवात केली, मारलेले, चुकलेले, अडवलेले, सगळे. त्याला कॉर्सी म्हणतात, बफेलो टीमचे तेव्हाचे गोलकीपर कोच जिम कॉर्सी यांच्या नावावरनं. आमच्याकडं शॉट पण कमीच. म्हणून मी डी मधे घुसणं मोजायचं ठरवलं. समोरच्यांचा प्लेयर बॉल ताब्यात ठेवून आमच्या डी मधे आला की वहीत एक काडी. ड्रिबल करत आला का पासवर आला, आणि डावीकडनं, मधून का उजवीकडनं, एवढं बाजूला लिहायचं.

पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचाव करणाऱ्यांची चूक झाली की बॅकलाईनवरनं (गोलच्या रेषेवरनं) मिळणारी हिट, यात धरायचा नाही. तिथं गोलकीपर धरून पाचच जण बॅकलाईनच्या मागनं पळतात, बाकीचे सेंटर लाईनच्या पलीकडं, ते काम वेगळं, त्यात जोडीचं नेहमीचं खेळणं दिसत नाही. २३ मीटर लाईनच्या आत मिळालेली फ्री हिट पण मी वेगळ्या रकान्यात टाकली.

१९ आणि २० जुलै

दोन मॅच, शनिवारी आणि रविवारी. आम्ही १२ मिनिटांचे चार क्वार्टर खेळवतो म्हणजे मॅच ४८ मिनिटांची.

शनिवारची चूक: कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं हे लिहिलंच नाही. हॉकीत बदली कितीही वेळा करता येते, खेळ थांबत पण नाही, सर पोरांना सारखं आतबाहेर करत असतात. जोडी मोजायची म्हणजे कोण कुणाबरोबर किती मिनिटं होता हेच मूळ, आणि तेच माझ्याकडं नव्हतं. परत व्हिडिओ लावून पट्ट्या शोधत वेळा काढल्या, तीन तास गेले.

रविवारी भाच्याला शेजारी बसवला. त्याचं काम एकच, बदली झाली की मोबाईलजवळ मोठ्यानं बोलायचं, "सात बाहेर, बारा आत". तो आवाज व्हिडिओतच रेकॉर्ड होतो, वेळ आपोआप मिळते, वही लागत नाही. भाचा आठवीत आहे, एकदाही चुकला नाही. ही युक्ती जरूर वापरा.

व्हिडिओ बघायला व्हीएलसी, स्पीड दीडपट, डी च्या आसपास बॉल आला की नेहमीच्या स्पीडवर. एक मॅच नीट भरायला दोन तास लागतात, त्यापेक्षा कमी वेळात होत नाही.

२६ जुलै, शनिवार

आज पाऊस इतका की डी मधे तळं, मॅच नाही. बसून तिन्ही मॅचचा हिशोब केला.

पद्धत अशी की तीन कप्पे करायचे. दोघं बरोबर असताना, ४ असताना ७ नसताना, आणि ७ असताना ४ नसताना. मग दर दहा मिनिटाला किती वेळा बॉल आमच्या डी मधे आला ते काढायचं.

दोघं बरोबर: ९६ मिनिटं, २२ वेळा, म्हणजे दर दहा मिनिटाला २.३.
४ हा १२ नंबर या बदली बॅकबरोबर, ७ बाहेर: ४१ मिनिटं, १९ वेळा, म्हणजे ४.६.
७ असताना ४ बाहेर: फक्त ७ मिनिटं. यावरनं काहीच म्हणता येत नाही.

तिसरा कप्पा भरलाच नाही कारण ४ ला सर कधी बाहेर काढतच नाहीत. एनएचएलच्या टीमला सीझनला ऐंशीच्या वर मॅच असतात, तिथं जोड्या पण बदलत राहतात, कप्पे भरतात. आपल्याला तीन मॅचमधे ते मिळणार नाही हे आधी लक्षात घ्यायला पाहिजे होतं.

पण मी दोन कप्प्यांवरच अडकलो. ७ गेला की डबल! मी लगेच सरांना फोन केला, म्हणलं सर, लोक म्हणतात ते खरंय, ७ शिवाय ४ उभा राहात नाही. सर म्हणाले, "मग १२ आणि दुसरा कोणतरी बघायला लागंल." या सगळ्या कामातली माझी सगळ्यात मोठी चूक ही.

२९ जुलै, मंगळवार

संध्याकाळी पोवई नाक्यावर ४ नंबर भेटला, क्लासला चालला होता. सायकल थांबवली आणि सरळ विचारलं, "दादा, मला काढणार का टीममधनं?" म्हणजे बातमी पोरांपर्यंत गेली होती. मला लय वाईट वाटलं. मी म्हणलं ठरलं काही नाही, पण ७ नसला की बॉल जास्त आत येतोय हे खरंय. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण दादा, बारा आला की सर मला उजवीकडं टाकतात ना."

मी तिथंच गार पडलो. शीटमधे डावा-उजवा असा रकानाच नव्हता.

ज्याला हॉकी माहीत आहे त्याला सांगायला नको, पण तरी लिहितो कारण मी स्वतः दहा वर्षं खेळून हे विसरलो. हॉकीची स्टिक एकाच हाताची असते. सपाट बाजू एकच, डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नाही. म्हणजे बॅकच्या उजव्या अंगाला आलेला बॉल फोरहँडला, पूर्ण सपाट बाजू जमिनीवर, आणि डाव्या अंगाला आलेला बॉल रिव्हर्सला, स्टिक उलटी करून नाहीतर पाय हलवून. म्हणून समोरचा फॉरवर्ड नेहमी बॅकच्या डाव्या अंगानं सुटायला बघतो आणि बॅक त्याला आपल्या उजव्या अंगाला ढकलायला बघतो.

आता दोन सेंटर बॅक शेजारी उभे करा. दोघांच्या मधली जी फट आहे ती डावीकडच्या बॅकच्या उजव्या अंगाला पडते, म्हणजे त्याच्या फोरहँडला. तीच फट उजवीकडच्या बॅकच्या डाव्या अंगाला, म्हणजे त्याच्या रिव्हर्सला. ४ नंबर ७ बरोबर असतो तेव्हा डावीकडं, मधली फट त्याच्या फोरहँडवर. १२ ला सर उजवीकडं ठेवत नाहीत कारण त्याचा रिव्हर्स कच्चा, म्हणून ७ बाहेर गेला की ४ उजवीकडं जातो आणि तीच फट त्याच्या रिव्हर्सवर येते. वर शेजारी नवीन पोरगा.

म्हणजे मी पार्टनर बदलला असं समजून मोजलं, आणि बदलल्या होत्या दोन गोष्टी.

हिशोब मी आईस हॉकीवाल्यांचा उचलला. त्यांच्याकडं डाव्या हाताच्या स्टिका वेगळ्या आणि उजव्या हाताच्या वेगळ्या मिळतात, आणि जोडी लावताना शक्यतो एक डावा एक उजवा बघतात. आपल्या खेळात सगळेच एका हाताचे, म्हणजे बाजूचा प्रश्न आपल्याला जास्तच जाचतो. दुसऱ्या खेळाची पद्धत घेताना हे तपासलं पाहिजे होतं.

२ आणि ३ ऑगस्ट

दोन दिवस मिळून सात तास, तिन्ही मॅच परत. शीटमधे नवीन रकाना, ४ कुठल्या बाजूला.

७ बरोबर, ४ डावीकडं: २२ पैकी ४ वेळा बॉल मधल्या फटीतून आला.
१२ बरोबर, ४ उजवीकडं: १९ पैकी ११ वेळा मधून.

जे वाढलं ते बहुतेक फटीतूनच वाढलं. पण यात ४ ची चूक किती, १२ ची किती आणि नुसत्या बाजूची किती हे या व्हिडिओंवरनं वेगळं करता येत नाही, कारण ४ आणि १२ एकत्र असताना ४ एकदाही डावीकडं खेळला नाही. अजून एक गोष्ट दिसली, सर ७ ला विश्रांती देतात ती बहुतेक वेळा शेवटच्या क्वार्टरमधे, जेव्हा हाफलाईनची, म्हणजे मधल्या फळीतली, पोरं दमून परत येत नाहीत आणि बॅकवर सगळा लोंढा येतो. म्हणजे बदललेल्या गोष्टी दोन नाही, तीन झाल्या.

सरांना जाऊन सांगितलं की सर, मी २६ तारखेला जे बोललो ते मागं घेतो, माझं चुकलं. सर रागावले नाहीत पण म्हणाले, "आधी नीट बघायचं, मग बोलायचं, पोराचं वर्ष आहे." बरोबरच आहे.

मग मी मागितलं की चार मॅचमधे मी सांगेन त्या बाजूला पोरं उभी करा. सर आधी नाही म्हणाले, स्पर्धा तोंडावर आहे, मॅच खेळायची का प्रयोग करायचे. शेवटी माजी विद्यार्थ्यांच्या टीमबरोबर फक्त प्रॅक्टिस मॅचला परवानगी दिली. चहा-वडापाव माझ्याकडं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. निम्मी पोरं गावाला. मॅच नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आज पहिली बरोबर मांडलेली मॅच. मांडणीवर दोन रात्री घातल्या, ती सांगतो.

आमचं ग्राउंड सरळ नाही, पूर्वेकडं उतार आहे आणि पावसात त्या बाजूच्या डी मधे पाणी साठतं, बॉल तिथं थांबतो. हाफ टाईमला बाजू बदलतात. म्हणून पहिल्या हाफला एक मांडणी आणि दुसऱ्या हाफला दुसरी असं केलं की परत उतार आणि दमणं दोन्ही आत घुसणार. त्याऐवजी पहिला आणि चौथा क्वार्टर एक मांडणी, दुसरा आणि तिसरा क्वार्टर दुसरी. असं केलं की दोन्ही मांडण्यांना दोन्ही बाजू मिळतात, आणि दमण्याचा भार पण साधारण वाटला जातो. समोरची टीम तीच, पाऊस तोच. या क्वार्टरांत बॅकची बदली नाही.

आज ४ आणि ७. पहिल्या-चौथ्यात ४ डावीकडं, दुसऱ्या-तिसऱ्यात ४ उजवीकडं.

दुसऱ्या क्वार्टरला ७ डावीकडं जाऊन पण सवयीनं सारखा उजवीकडं सरकत होता. तीन मिनिटं दोघं जवळजवळ एकाच जागेवर. ती मिनिटं काढायची का ठेवायची यावर विचार केला आणि ठेवली, कारण स्पर्धेत बाजू बदलली तर तिथं पण हेच होणार.

१७, २३ आणि २४ ऑगस्ट

१६ ला गोपाळकाला, १७ ला रविवारी ४ आणि १२. २३ ला परत ४ आणि ७, २४ ला परत ४ आणि १२. दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला, म्हणजे पहिल्या-चौथ्यात ४ उजवीकडं.

२३ ला माजी विद्यार्थ्यांचे दोन चांगले फॉरवर्ड आले नाहीत, पुण्याला ड्युटी. त्यामुळं ७ च्या मॅच आणि १२ च्या मॅच यांची तुलना कच्ची आहे हे मान्य करून पुढं वाचा. एकाच मॅचमधली डाव्या-उजव्याची तुलना मात्र पक्की आहे.

प्रत्येक मांडणीला ४८ मिनिटं मिळाली:

४ डावीकडं, ७ उजवीकडं: ११ वेळा
४ उजवीकडं, ७ डावीकडं: १७ वेळा
४ डावीकडं, १२ उजवीकडं: १३ वेळा
४ उजवीकडं, १२ डावीकडं: २३ वेळा

दोन-तीन इकडं तिकडं नुसत्या नशिबानं होऊ शकतात, त्यामुळं ११ आणि १३ मधे मी फरक धरत नाही. पण पहिला आणि शेवटचा आकडा बघा. ४ डावीकडं असला तर शेजारी ७ असो का १२ असो, फार बिघडत नाही. उजवीकडं गेला की ७ असून पण बिघडतं. आणि ज्या १२ ला सर रिव्हर्स कच्चा म्हणून उजवीकडं टाकत नव्हते तो उजवीकडं निभावून गेला, कारण फटीतला बॉल ४ च आपल्या फोरहँडवर घेत होता, १२ ला तिथं स्टिक उलटी करायची वेळच कमी आली.

जुलैमधला माझा "डबल" बहुतेक सगळा बाजूचाच होता. ७ च्या जिवावर खेळतो हे वाक्य मी सरांना फोनवर बोललो होतो आणि त्यावर एका पोराचं टीममधलं नाव जाणार होतं, ते आज आठवलं तरी घशात अडकतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

आकडे मिळाले पण ४ उजवीकडं का फसतो आणि ७ नसला की अजून का फसतो याचं उत्तर काड्यांत नाही. ते ४० प्रसंग, १७ आणि २३, परत एकेक करून बघितले, स्लो करून.

एक बॅक बॉलवर जातो तेव्हा दुसऱ्यानं मागं तिरकं कव्हरला यायचं, हे पहिल्या वर्षापासून शिकवतात. १२ बरोबर असताना बऱ्याच वेळा दोघंही बॉलवर गेले, नाहीतर दोघंही थांबले. कोण जाणार हे ठरतच नव्हतं. ७ बरोबर असताना हे क्वचित. का, ते गॅलरीतनं कळत नाही कारण आवाज येत नाही.

आवाज मिळावा म्हणूनच २४ च्या मॅचला मी माझा जुना मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून पिशवीत घालून गोलच्या जाळीमागं ठेवला होता. तिसऱ्या क्वार्टरला बाहेर गेलेला बॉल थेट त्यावर, स्क्रीन गेली. १,८०० रुपये. पण रेकॉर्डिंग वाचलं. ठेवायचा तर पोस्टच्या मागं जमिनीला लागून ठेवा, पुढं वीट लावा, जाळीच्या मधोमध नको.

रेकॉर्डिंगमधे अडीच क्वार्टरभर गोलकीपरचा आवाज आहे, हाफचा आहे, १२ चा एक-दोनदा आहे. ४ चा एकदाही नाही. जुलैमधे ७ कसा ओरडायचा ते सगळ्या ग्राउंडला ऐकू यायचं, "मी बॉलवर", "चार, मागं". म्हणजे ७ ने ४ ला जे दिलं ते टॅकल नाही, हाक. आणि ती हाक शिकवता येते.

२६ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. संध्याकाळी पोरं मंडळात, सकाळी सहा ते साडेसात ग्राउंडवर. सरांनी एकच ड्रिल लावलं, दोन फॉरवर्ड विरुद्ध दोन बॅक, २३ मीटर लाईनवरनं सुरुवात. बॅकनं हाक न देता बॉल जिंकला तरी गुण फॉरवर्डला. पहिले तीन दिवस ४ आणि १२ सगळे गुण घालवत होते. ४ चा आवाज फुटतच नव्हता, लाजतो. चौथ्या दिवशी सर म्हणाले, तू हाक नाही दिलीस तर १२ ला कसं कळणार, तो तुझ्यापेक्षा लहान आहे. त्यानंतर बोलायला लागला. आधी हळू, मग बऱ्यापैकी.

दोन बॅक असले तर हाका दोनच ठेवा, "मी" आणि "मागं". जास्त शब्द ठेवले की गोंधळ.

७ सप्टेंबर, रविवार

आशिया कपची फायनल, राजगीर, भारत विरुद्ध कोरिया. आपण ४-१ जिंकलो, दिलप्रीत सिंगचे दोन. बघता बघता हात बसावा म्हणून बॅकच्या जोडीच्या काड्या मारायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागं असतो, जो बॅक बॉलवर नाही तो चौकटीबाहेर, आणि आपल्याला बघायचा असतो नेमका तोच. टीव्हीवरच्या मॅचवर हे काम करू नका.

भाचा शेजारी होता, त्यानं पॅरिसचं विचारलं. २०२४ च्या ऑलिंपिकला क्वार्टर फायनलमधे अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं आणि ब्रिटनविरुद्ध आपण जवळजवळ ४३ मिनिटं दहा जणांनी खेळलो, १-१ राखला आणि शूटआऊटला जिंकलो. पुढं सेमीफायनलला बंदीमुळं रोहिदास नव्हता आणि जर्मनीकडून ३-२ हरलो. भाचा म्हणाला, मामा, म्हणजे रोहिदास नाही म्हणून हरलो. मी त्याला तेच सांगितलं जे मला जुलैमधे कळायला पाहिजे होतं, की तो नसताना खेळलेली क्वार्टर फायनलची ४३ मिनिटं पण तिथंच आहेत, आणि त्यात आपण टिकलो. एका मॅचवरनं कुणाचं काय म्हणू नये.

१४ सप्टेंबर, रविवार

ड्रिलनंतरची मॅच, परत माजी विद्यार्थी, त्यांचे दोन्ही फॉरवर्ड हजर. ४ आणि १२, आधीसारखीच क्वार्टरची मांडणी, प्रत्येकी २४ मिनिटं. ४ डावीकडं असताना ५ वेळा, उजवीकडं असताना ८ वेळा. ऑगस्टचे आकडे २४ मिनिटाला आणले तर साडेसहा आणि साडेअकरा होते. मिनिटं कमी आहेत, उड्या मारत नाही, पण दिशा बरी आहे. दोघंही एकदम बॉलवर गेले असं एकदाच झालं.

सरांना शीट दाखवलं. या वेळी सगळे रकाने दाखवले, कुठं कच्चं आहे ते पण सांगितलं. सरांनी दोन गोष्टी ठरवल्या, ४ राहणार आणि डावीकडंच राहणार, आणि १२ ला आत्तापासून उजवीकडं तयार करायचं, त्याच्या रिव्हर्सवर रोज वीस मिनिटं.

२१ सप्टेंबर, रविवार

स्पर्धेतली मॅच झाली. ७ चा घोटा आदल्या दिवशी मुरगळला होता, तो बाकावर. ४ डावीकडं, १२ उजवीकडं, पूर्ण मॅच. आम्ही २-१ हरलो, दोन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवर. त्यातला एक कॉर्नर १२ च्या पायाला बॉल लागून गेला, एक हाफकडून. खेळात मधल्या फटीतून बॉल डी मधे फक्त दोनदा आला. तिथल्या ग्राउंडला गॅलरी नव्हती, मी पत्र्याच्या शेडखाली उभा होतो, वर पाऊस वाजत होता आणि तरी ४ चा "मागं, बारा, मागं" तिथपर्यंत येत होता.

मॅचनंतर तो हरल्यामुळं रडत होता. मी त्याला पुढच्या वर्षीचं काही बोललो नाही, कंदी पेढ्याचा पुडा होता तो दिला आणि पट्ट्या परत मागून घेतल्या. त्याने पिवळ्या दिल्या आणि लाल १२ ला द्या म्हणाला.

हिशोब: ट्रायपॉड ७५०, मेमरी कार्ड ९००, कापड ६०, मोबाईलची स्क्रीन १,८००, चार मॅचचा चहा-वडापाव १,३६०, एकूण ४,८७० रुपये. १४ सप्टेंबरचा चहा सरांनी दिला. वेळ साधारण ४५ तास, त्यातले चौदा-पंधरा वर लिहिलेल्या चुकांत गेले. शीटचे रकाने असे ठेवा: क्वार्टर, वेळ, डावा बॅक, उजवा बॅक, आम्ही कुठल्या टोकाला, बॉल कुठून आला, कसा आला, बॉलवर कोण गेला, कव्हरला कोण होता, हाक कुणी दिली. डावा बॅक आणि उजवा बॅक हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून.